डोळ्यांत तेल कोणी घालायचं?



चोआ चू कांगला राहणाऱ्या वाचकांना आमच्या एलआरटीची गंमत ठाऊक आहे. बुकिट पांजांगकडे जाणारी ती छोटी, बिनड्रायव्हरची गाडी इमारतींच्या इतक्या जवळून जाते, की प्रवाशांनी लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून ठरावीक ठिकाणी तिच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात. इमारत मागे पडली की काच पुन्हा स्वच्छ. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना ही करामत मुद्दाम दाखवतो.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रात्री मी कीट हाँगला घरी जायला या गाडीत बसलो. काच धूसर झाली. साउथ व्ह्यू गेलं, कीट हाँग आलं, दार उघडलं, मी फलाटावर उतरलो, तरी धूसरपणा काही जाईना. समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवर रंगवलेला भला मोठा नंबर, ज्याच्या खुणेने मी रोज घर गाठतो, तो मला दुहेरी दिसत होता. तेव्हा लक्षात आलं, की या वेळी काच धूसर झाली नव्हती. माझे डोळे झाले होते.

त्या दिवसांत आमच्या प्रकल्पाचं ‘गो-लाइव्ह’ तोंडावर आलं होतं. ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये, म्हणजे बेटाच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. सकाळी दीड तास गाडीत मोबाइलवर ईमेल, मग बारा तास दोन मॉनिटरांसमोर, मग परतीच्या दीड तासात पुन्हा मोबाइल. दुपारी चारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि गंमत म्हणजे त्यातून पाणीही यायचं. कपाळ ठणकायचं, मान आखडायची. तिसऱ्या आठवड्यात एका तक्त्यातला इंग्रजी आठाचा आकडा मी तीन म्हणून वाचला. चाचणीत पकडला गेला म्हणून निभावलं, नाहीतर त्या आकड्यामागे कोणाचे तरी खरे पैसे होते.

पुढचं मी आपण सगळे करतो तेच केलं. रात्री दोन वाजता इंटरनेटवर लक्षणं टाकून थेट ब्रेन ट्यूमरपर्यंत पोचलो. पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायला सांगितलं. बायको म्हणाली, “अरे, आधी डोळे तरी दाखव.” मी डॉक्टरकडे न जाता एका दुकानात गेलो आणि निळा प्रकाश गाळणारा चष्मा घेऊन आलो. चांगले दोनशे डॉलर मोजले. दोन आठवडे तो इमानेइतबारे घातला. एकच फरक पडला, स्क्रीन थोडी पिवळट दिसू लागली.

त्या चष्म्यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्यापैकी अनेकांच्या नाकावर आज तो आहे. वैद्यकीय पुरावे तपासून त्यांचा एकत्रित अहवाल देणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली या चष्म्यांवरच्या सतरा चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की कॉम्प्युटरवर काम करताना येणारा डोळ्यांचा शीण या काचांनी साध्या काचांच्या तुलनेत कमी होतो असं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी दिसत नाही. आणि ते साहजिकच आहे. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातून येणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे किस झाड की पत्ती! आपण दुपारी जेवायला बाहेर पडतो तेव्हा याच्या कितीतरी पट निळा प्रकाश डोळ्यांत भरून परत येतो. म्हणजे रोग एकीकडे आणि दोनशे डॉलरचं औषध भलतीकडे.

शेवटी बायकोने अपॉइंटमेंट घेतली आणि मला नेत्रतज्ज्ञांपुढे बसवलं. त्या बाईंनी डोळे तपासायच्या आधी तीन प्रश्न विचारले. तुमची स्क्रीन डोळ्यांपासून किती अंतरावर आहे? तिची वरची कड डोळ्यांच्या वर येते की खाली? एसीची हवा कुठून येते? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. त्या हसून म्हणाल्या, “तुम्ही आयटीवाले सर्व्हरचा प्रतिसाद मिलिसेकंदात मोजता आणि हे मोजलं नाहीत?” मला ते लागलं. ऑस्ट्रेलियातून मास्टर्स करून आलेला माणूस मी, वीसेक वर्षं या धंद्यात आहे. या वीस वर्षांत हे तीन प्रश्न मला ना कुठल्या कंपनीने विचारले होते, ना चष्म्याच्या दुकानाने. आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

निदान अगदी साधं निघालं. दुखणी दोन होती. पहिलं म्हणजे चाळिशी. आपल्या भाषेने या वयाचं आणि त्या चष्म्याचं नाव एकच ठेवून किती मोठा शहाणपणा केला आहे पाहा! या वयात डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं आणि जवळचं पाहायला त्रास होऊ लागतो. पुस्तक आपण साधारण चाळीस सेंटिमीटरवर धरतो आणि वाचायचा चष्मा त्याच अंतरासाठी करतात. ऑफिसातला मॉनिटर मात्र साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतो. माझा नंतर मोजला तेव्हा बहात्तर निघाला. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता, म्हणजे वरून दूरचं आणि खालून जवळचं. मधल्या अंतराची त्यातली पट्टी अरुंद असते. त्या पट्टीत दोन-दोन मॉनिटर बसवायला मी दिवसभर हनुवटी वर करून, मान डावी-उजवी फिरवत बसायचो. मान आखडली यात नवल ते काय!

दुसरं दुखणं कोरड्या डोळ्यांचं. “पण माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं,” मी म्हटलं. त्यावर डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते ऐकून मी थक्क झालो. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्या सगळ्यात वर तेलाचा एक थर असतो. पापण्यांच्या कडांना बारीक ग्रंथींची रांग असते, त्यांतून हे तेल येतं आणि पापणी पूर्ण मिटली की ते डोळ्यावर पसरतं. तेलाचा थर असेल तर खालचं पाणी टिकतं, नसेल तर भराभर उडून जातं. डोळा कोरडा पडून चुरचुरला की शरीर घाईघाईने पाणी सोडतं. पण ते नुसतंच पाणी असतं आणि गालावरून वाहून जातं.

मंडळी, ‘डोळ्यांत तेल घालून पहारा देणं’ हे आपण लहानपणापासून इतिहासाच्या धड्यांत वाचत आलो. मला तो नुसता वाक्प्रचार वाटायचा. इथे कळलं, की डोळ्यांत तेल खरोखरच घालावं लागतं आणि ते घालायचं काम पापणीचं असतं. आपण मात्र कौतुक कशाचं करतो? पापणीसुद्धा न लवता काम करणाऱ्याचं!

पापणी किती लवते याचं मोजमाप जपानमधल्या त्सुबोता आणि नाकामोरी या डॉक्टरांनी ऑफिसात काम करणाऱ्या माणसांवर केलं आणि १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलं. माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला सरासरी बावीस वेळा, पुस्तक वाचताना दहा वेळा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर पाहताना फक्त सात वेळा. पडद्यापुढे पापणी लवते तीही पुष्कळदा अर्धीच. त्यात मॉनिटर उंच ठेवला असेल तर आपण डोळे जास्त उघडतो आणि पाणी जास्त उडतं. वरून एसीचा झोत थेट तोंडावर. सिंगापूरच्या प्रगतीचं श्रेय ली क्वान यू एअर कंडिशनरला देत असत आणि ते खोटं नाही. पण त्याच यंत्राच्या झोताखाली दहा-बारा तास बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांचं काय होतं हेही कोणी तरी पाहायला हवं ना? बाहेर हवेत इतका दमटपणा, की रुमाल पिळून काढावा, आणि आत डोळ्यांचं वाळवंट.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, आरोग्यविषयक उपयुक्त लेख आहे. तर तसं नाही. मला भांडायचं आहे.

चष्म्याचा नंबर माझा, पापण्याही माझ्या, मान्य. पण एसीची जाळी कोणाची? टेबलं कशी मांडायची हे कोण ठरवतं? मॉनिटरला उंची कमी-जास्त करता येणारा पाय द्यायचा की नाही, दोन मीटिंगांमध्ये पाच मिनिटं सोडायची की नाही, हे कोणाच्या हातात? डोळ्यांच्या शिणाची कितीतरी कारणं कामाच्या जागेत आणि कामाच्या रचनेत असतात. आणि उपायांचा सगळा बाजार मात्र एकट्या माणसाच्या खिशाकडे डोळे लावून बसलेला असतो. थेंब घ्या, काच घ्या, गोळ्या घ्या, मोबाइलवर अ‍ॅप घ्या. जागा तीच, झोत तोच, तास तेच.

आणि आता जे लिहितो ते लिहायला मला सोपं नाही. त्या नोव्हेंबरच्या वर्षभर आधी आमच्या टीममध्ये एक तरुण टेस्टर होती. तिची जागा बरोबर एसीच्या जाळीखाली आणि पाठीमागे मोठी खिडकी, म्हणजे दुपारभर स्क्रीनवर उन्हाची चकाकी. तिने मला दोनदा सांगितलं, की डोळे जळजळतात, जागा बदलून मिळेल का. मी म्हटलं, सीटिंग प्लॅन आपल्या हातात नाही, थेंब वापरून बघ. मग तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटपट्टीने त्या जाळीला लावला, झोत दुसरीकडे वळावा म्हणून. दोन दिवसांनी अ‍ॅडमिन विभागाचा ईमेल आला, की असले प्रकार ऑफिसच्या शिस्तीत बसत नाहीत, पुठ्ठा काढावा. मी तो ईमेल वाचला आणि खाली एक शब्दही न लिहिता तिला पुढे पाठवला. तिने पुठ्ठा काढला. सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. कारण डोळेच होते असं मी म्हणणार नाही, तिने ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण डॉक्टरबाईंनी “एसीची हवा कुठून येते?” असं विचारलं, तेव्हा मला माझी जाळी नाही, तिचा तो पुठ्ठा आठवला.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात वेल्डर होते. त्यांचा काळा गॉगल आणि तोंडापुढे धरायची ढाल ही कारखान्याची असे, घरची नव्हे. भारताने १९४८ साली केलेल्या कारखाने कायद्यात पस्तिसावं कलम डोळ्यांच्या रक्षणाचंच होतं. उडणारे कण किंवा डोळे दिपवणारा प्रकाश यांचा धोका असेल तिथे आडोसा किंवा योग्य गॉगल पुरवायची जबाबदारी त्या कायद्याने कारखान्यावर टाकली होती. “वेल्डर, तुझे डोळे तू सांभाळ, बाजारातून गॉगल आण” असं बाबांना कोणी म्हटलं असतं तर युनियनने गेट बंद केलं असतं. त्या वेल्डरचा मुलगा शिकला, परदेशात गेला, वातानुकूलित ऑफिसात बसला आणि स्वतःच्या डोळ्यांची सोय स्वतःच्या खिशातून करू लागला. याला आपण प्रगती म्हणतो. स्क्रीनचा धोका वेल्डिंगच्या ठिणगीएवढा नाही, हे मला कळतं. पण तत्त्व तेच आहे. जे काम करताना त्रास होतो, ते काम देणाऱ्याने त्रास कमी करण्याची जबाबदारी घ्यावी.

हे काही माझ्या मनचं नाही. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी स्क्रीनवर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण शाळेत होते. त्यात म्हटलं आहे, की स्क्रीनच्या कामात अधूनमधून विश्रांती किंवा कामात बदल असला पाहिजे, कामगाराला डोळे तपासून घेण्याचा हक्क आहे, या कामासाठी खास चष्मा लागला तर तो दिला पाहिजे आणि या सगळ्याचा आर्थिक भार कामगारावर पडता कामा नये. ब्रिटनमध्ये असे नियम १९९३च्या जानेवारीपासून लागू आहेत. रोमानियातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने स्क्रीनच्या कामासाठी घेतलेल्या चष्म्याचे पैसे मागितले, कार्यालयाने नाकारले आणि प्रकरण थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २२ डिसेंबर २०२२ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला, की डोळ्यांची तक्रार कामामुळेच उद्भवली असं सिद्ध करण्याची गरज नाही, आणि स्क्रीनच्या कामातली अडचण दूर करण्यासाठीच लागणारा साधा नंबरचा चष्माही या हक्कात बसू शकतो. एका चष्म्यासाठी तो माणूस एवढा झगडला. आपण एका पुठ्ठ्यासाठी दोन ओळींचा ईमेल लिहीत नाही!

सिंगापूरमध्ये काय आहे? इथला कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा कायदा २००६चा. आधी तो धोक्याच्या उद्योगांपुरता होता, पण सप्टेंबर २०११पासून सगळ्या कामाच्या जागांना लागू झाला. म्हणजे आपली चकचकीत ऑफिसंही त्यात आली. ऑफिसातली मांडणी कशी असावी यासाठी एसएस ५१४ हे सिंगापूरचं स्वतंत्र मानकही आहे. मात्र एक खाच आहे, ती आपल्या मंडळींनी नीट समजून घ्यावी. विश्रांतीशिवाय सलग सहा तासांपेक्षा जास्त काम करायला लावू नये, हा इथल्या रोजगार कायद्यातला सर्वसाधारण नियम त्या कायद्याच्या चौथ्या भागात आहे आणि तो भाग मॅनेजर-एक्झिक्युटिव्ह मंडळींना लागू नाही. आपल्यापैकी बहुतेक जण कागदोपत्री त्यातच मोडतात. पदव्या आणि हुद्दे मिळवून आपण काय कमावलं, तर विश्रांतीचा लेखी हक्क गमावला.

आता आक्षेप. गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसाद खाताना मी हा विषय काढला तेव्हा तिथल्या तिथे तीन आक्षेप आले.

पहिला : “आमच्या वेळी ते जाडजूड सीआरटी मॉनिटर होते, लखलख करायचे, तरी आम्ही काम केलंच ना? ही आजकालची थेरं.” मीही त्याच मॉनिटरांवर शिकलो. रात्र-रात्र लॅबमध्ये बसलो. पण तेव्हा मी पंचविशीत होतो, डोळ्यातलं भिंग लवचीक होतं, आणि घरी जाताना हातात स्मार्टफोन नव्हता. शिवाय आपण सोसलं म्हणून पुढच्यांनीही सोसावं, हे सासूचं तर्कशास्त्र झालं. घरात ते आपल्याला चालत नाही, मग ऑफिसात का चालवून घ्यायचं?

दुसरा : “ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी. वीस-वीस-वीसचा नियम पाळा की!” दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवर, वीस सेकंद पाहा, हा तो नियम. चांगला आहे, मीही पाळतो. पण तो लक्षात ठेवायची सोय आहे, जादूचा मंत्र नव्हे. आणि आमच्या ऑफिसात वीस फुटांवर काय आहे सांगू? साहेबांची काचेची केबिन. दर वीस मिनिटांनी तिकडे वीस सेकंद टक लावून बसणाऱ्याचं वर्षअखेरच्या मूल्यमापनात काय होईल, याचा विचार हा नियम सांगणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. काम थांबवणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे, हे वरिष्ठांनी आधी मानलं तरच खालचा माणूस डोळे मिटू शकतो.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. एका मित्राने मला बाजूला घेऊन सांगितला. “माझा ईपी पुढच्या वर्षी संपतो. मुलगी सेकंडरीत आहे. अशा वेळी मी एसीच्या जाळीवरून तक्रार करू?” इथला पास नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, मुलांची शाळा, घर, सगळंच हातातून निसटतं. म्हणून माणूस डोळे चोळत गप्प बसतो. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण म्हणूनच माझं म्हणणं त्याच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला सभागृहात नजर टाका. चाळिशी-पन्नाशीतले आपण टीम लीड आहोत, डिलिव्हरी मॅनेजर आहोत, काही जण तर डायरेक्टर आहेत. ज्यांच्या खाली दहा-वीस माणसं काम करतात आणि त्यांतली कित्येक पासच्या भीतीने बोलत नाहीत, त्यांचा वरिष्ठ आपणच आहोत. कंपनी, कंपनी म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, ती त्या पोरांच्या दृष्टीने आपणच असतो.

मी काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. बायकोची शिवणकामाची टेप घेऊन ऑफिसात गेलो आणि टीमची अकराही टेबलं मोजली. लोक हसले. डोळ्यांपासून स्क्रीनचं अंतर, वरच्या कडेची उंची, खिडकी कोणत्या बाजूला, झोत कुठे, डोळ्यांची तक्रार आहे का, असा एका पानाचा तक्ता केला. अकरापैकी चार जणांच्या तोंडावर थेट झोत होता. तीन स्क्रीनवर खिडकीची चकाकी होती. सात जणांनी डोळ्यांची तक्रार सांगितली आणि त्या सातांतल्या एकानेही ती आधी कोणाकडे केली नव्हती. तो तक्ता मी माझ्या नावाने, सुरक्षितता आणि आरोग्याच्या कायद्याचा उल्लेख करून, अ‍ॅडमिन विभागाला पाठवला आणि माझ्या वरिष्ठांना त्याची प्रत दिली.

दहाव्या दिवशी इमारतीचा माणूस शिडी घेऊन आला. त्याने जाळ्यांच्या पट्ट्या फिरवल्या आणि झोत चालायच्या वाटेकडे वळवला. चारही जाळ्यांना मिळून दहा-बारा मिनिटं लागली. नवीन सामान शून्य. मी तिथे उभा राहून पाहत होतो आणि मला आनंद होण्याऐवजी स्वतःचाच संताप येत होता. दहा-बारा मिनिटांचं काम! त्या मुलीने दोनदा विचारलं होतं.

तेव्हा जे वरिष्ठ आहेत त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. माणूस रुजू झाला की लॅपटॉपबरोबर त्याची जागाही तपासा. स्क्रीन हातभर दूर, तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, खिडकी समोर किंवा पाठीमागे न येता बाजूला, हवेचा झोत चेहऱ्यावर नको. तासाची मीटिंग पन्नास मिनिटांत संपवा आणि उरलेल्या दहात स्वतः आधी खुर्चीतून उठा, म्हणजे इतरांना उठायची हिंमत होईल. कंपनीच्या वैद्यकीय लाभांत डोळ्यांची तपासणी आणि कामाच्या अंतराचा चष्मा बसतो का, ते विचारा आणि बसत नसेल तर बसवायला लावा. आणि कोणी म्हणालं, डोळे जळजळतात, तर थेंबांचं नाव सांगण्याआधी उठून त्याच्या खुर्चीत दोन मिनिटं बसून पाहा.

उगाच भीती घालायची नाही म्हणून हेही सांगतो. ऑफिसातल्या स्क्रीनने कोणी आंधळं होत नाही. हा शीण आहे, तो उतरतो. माझा बराचसा उतरला : कामाच्या अंतराचा वेगळा चष्मा, पापण्यांना रोज गरम पाण्याच्या कापडाचा शेक, काही महिने थेंब आणि झोताखालून हलवलेली जागा. पण अचानक दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटणं, प्रकाशाच्या चमका दिसणं, डोळा लाल होऊन ठणकणं, हे शीण नव्हे. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चाळिशीनंतर एकदा काचबिंदूसाठी डोळे तपासून घ्या, कारण तो बहुतेकदा दुखत नाही आणि सांगून येत नाही.

सिंगापूरमध्ये मुलांच्या चष्म्यांची काळजी सरकार घेतं, शाळेत डोळे तपासले जातात, मुलांना बाहेर खेळायला पाठवा म्हणून आपल्याला सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे. त्या मुलांच्या आईबापांच्या डोळ्यांकडे कोण पाहणार? सरकारी कागद कपाटात आहेत, टेप घरोघरी आहे आणि अधिकार, थोडा का होईना, आपल्या हातात आहे.

ती टेस्टर आता दुसऱ्या कंपनीत आहे. जाळ्या फिरवल्यावर मी तिला ईमेल लिहिला, दीड वर्ष उशिरा. चूक माझी होती असं लिहिलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात तिने विचारलं होतं, की माझ्या जागेवर आता जो कोणी बसतो, त्याला खिडकीला पडदा मिळाला का?

मिळाला नव्हता. त्याच दुपारी मागितला.